आपल्या विहिरीच्या बारा बाटल्या

बाबा, बारा गावच्या बारा बाटल्या, अन् पानी भरलं तुमी एकाच विहिरीचं. आपल्या. अनसिंगच्या वावरातलं. काहून केलं असं? तुमाले जाऊन वीस वर्सं झाले, मले पन्नाशी लागत आली, अन् तुमी काय केलं ते मले परवा समजलं. समजलं तेबी एका परक्या पोरीच्या तोंडून.

ताईकडं गेली होती मी, खदानीपाशी. तिच्या गावच्या विहिरीवर एक पोरगी आली, पान्याची तपासनी कराले. तिनं बाटली दोरानं आत सोडली, त्याच पान्यानं दोनदा खंगाळली, मंग भरली, अन् उन्हातच काठावर बसून चिठ्ठी लिहाले लागली. मी म्हनलं, बाई, घरात बसून लिही ना, डोकं तापून राह्यलं तुह्यं. ती हासली. म्हने, "मावशी, चिठ्ठी जाग्यावरच लिहा लागते. घरी लिहिली तं कोन्या विहिरीचं पानी कोन्या बाटलीत, काय भरवसा?" तिच्यासाठी आनलेला चहा माह्या लुगड्यावर सांडला. माह्या तं साऱ्याच चिठ्ठ्या घरी लिहिलेल्या. चुलीपाशी बसून.

बहात्तरच्या दुष्काळानं वावर बसलं, तवा तुमी यवतमाळाच्या पल्याड कोळशाच्या खदानीवर लागले. बाकीचे लोकं खाली उतरत, तुमचं काम वरचं. भोवतालच्या बारा गावच्या विहिरींचं पानी बाटल्याइत भराचं, गळ्याले गावाच्या नावाची चिठ्ठी बांधाची, अन् खोकं नागपूरले तपासाले धाडाचं. खदानीचा मैला जमिनीखालून लोकाइच्या पान्यात उतरून राह्यला का, एवढंच पाहाचं. साधं काम. पायी फिराचं काम. पहिले पहिले तुमी फिरलेबी असान.

मंग ज्वारी कापनीले घरी आले ते खोकं घेऊनच. मी पाहून राह्यली, तुमी पोहरा टाकता अन् एकामागून एक बाटली भरता. माय म्हने, "काहो, पान्याचं दुकान टाकता का मंगरूळपीरले?" तुमी म्हनले, "जमिनीतलं पानी सारं एकच असते, तुले नाही समजत." मायले खरंच समजलं नाही. मलेबी नाही. तिसरीतून काढलेली पोरगी मी, पन घरात अक्षर एकट्या मलेच येत होतं. तुमी गावाचं नाव सांगा, मी लिहो. तुमी मले निळ्या शाईचा पेन आनून देला, अन् साऱ्याइले सांगत फिरले का पोरीचं अक्षर मोत्यावानी हाये. एक कापनी झाली, मंग पेरनी आली, मंग पोळा. दरखेपी खोकं. मले तं वाटे, बाबा माह्या अक्षरासाठीच एवढ्या दूरून बाटल्या आनतात.

दोन वर्सांनं तुमी ताईले त्या बारातल्याच एका गावात देलं. पहिल्या दिवाळीले आली तवा ती चुलीपुढं बसून काय म्हने, आठवते? "बाबा, आमच्या विहिरीच्या पान्यावर तवंग येते. तुरीची दाळ शिजत नाही. धुतलेलं लुगडं पिवळं पडते. गाव म्हनते, खदानवाल्याइनं नळ द्यावा." तुमी जेवत होते. भाकर मोडता मोडता म्हनले, "नागपूरचा कागद आला, पानी चांगलं हाये. तू लाडावली अनसिंगच्या पान्यानं."

कागदावरचं पानीबी अनसिंगचंच होतं, बाबा. पोटच्या पोरीले असं सांगतानी घास कसा उतरला?

नळ नाही भेटला त्या गावाले. लोकं गेले मांगाले, तं साहेबानं तोच कागद पुढं केला. ताई दहा वर्सं तेच पानी पेली. तिचं मुतखड्याचं दोनदा पोट फाडलं, आता एकच गुर्दा राह्यला. डॉक्टर म्हनते, पान्यानंच झालं असं सांगता येत नाही. त्याले नसन सांगता येत. मले दाळ शिजत नव्हती तेवढं पुरे.

अन् ताई? परवा त्या पोरीपुढं पदर सावरून उभी राह्यली. "आमच्या बाबानं केलं हे काम, तवाच्या काळात," म्हने. घरात जाऊन पेटीतून तुमी देलेला तो नागपूरचा कागद आनला, घड्याइवर फाटलेला, अन् दाखोला. इंग्रजीत हाये, तिले वाचता येत नाही. पोरीनं वाचला, म्हने, "मावशी, हे तं लय चांगलं पानी होतं." ताई अशी फुलली का बस. मी मान खाली घालून लुगड्यावरचा चहा पुसत होती.

मी लहान होती, मले काय ठाऊक, असं म्हनून सुटता आलं असतं. पन लगनाच्या नंतरच्या खोक्यात ताईच्या गावाचं नाव आलं, तवा मी विचारलं होतं, "बाबा, हे तं ताईचं गाव, अन् पानी आपलं?" तुमी म्हनले, "लिही." मी लिहिलं. माह्या मनात काही तरी चुकलं होतं, हे आज कबूल करते. पन पेन परत मांगसान, याचं भेव होतं. ताईच्या गावाचं नाव तं मी साऱ्याइत सुंदर काढलं होतं.

मंगळवारी आखाजी हाये. तुमच्या नावानं पान्याची घागर भराले ताई सोमवारी दुपारच्या गाडीनं येऊन राह्यली, म्हने बाबाची घागर मीच भरीन. तिले सांगू, तं तिचा बाप जाते. नाही सांगत, तं तुमच्यावानी मीबी तिले फसोते. तुमी केलं हे, तुमीच सांगा. सपनात या, कोनाच्या तोंडून बोला, कसंबी सांगा, पन सोमवारच्या दुपारच्या आत. मंग मी तुमची वाट पाहनार नाही.