सहापर्यंत मोजणारी मुलगी

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. आई ठणठणीत आहे, मीही ठणठणीत आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन हाताशी असताना हा दादा कागदावर का खरडत बसलाय, असं तुला वाटणार. पण फोनवर मी किती बोलतो आणि त्यातलं कामाचं किती असतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? कागदावर एवढी बडबड करता येत नाही, हात दुखतो. हात दुखण्याचा विषयही पुढे येणार आहेच.

बातमी अशी, की आमच्या बँडचा अल्बम येतोय. हसू नकोस. रेडिओवाल्यांनी जुन्या टेपांची खोली रिकामी करायला काढली, त्यात आमचे डबे निघाले. तीन वर्षांत आम्ही तिथे तीनदा जाऊन वाजवलं होतं, ती सगळी मिळून अकरा गाणी एक छोटी कंपनी काढतेय. मोठी काळी तबकडी, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर जिन्यातला तो फोटो, ज्यात लंबू गिटार घेऊन मधोमध उभा आहे आणि आम्ही बाकीचे त्याच्या कोपराखाली. लंबूचे केस आता गेले, उंची तेवढी राहिली. तीस-एकतीस वर्षं अडगळीत पडलेल्या टेपा, पण आवाज इतका ताजा आहे की ऐकताना मला माझं जुनं पोट आठवलं, म्हणजे नसलेलं. मी उगाच कौतुक करत नाही, आम्ही चांगले होतो. पोरं अजून आमची गाणी शोधत फिरतात, ती काही वेडी नाहीत.

माझं ड्रायव्हिंग स्कूल झकास चाललंय. दिवसाला आठ जण शिकायला येतात आणि माझ्या पायाखालीही एक ब्रेक आहे म्हणून मी अजून जिवंत आहे. परवा एका गृहस्थांनी चौकात पाच वेळा गाडी बंद पाडली आणि पाचही वेळा रस्त्याच्या चढाला शिव्या घातल्या. चढ असा नव्हताच. एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं, पण गप्प बसलो. मला आपली ती रेडिओची दुसरी खेप आठवत होती.

तुला आठवते ना ती दुपार? आपण तीस वर्षं तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही, म्हणजे तुला नक्की आठवत असणार. तीन तास मिळायचे, त्यात चार गाणी. फाटकावर नावांचा कागद भरावा लागायचा आणि त्या कागदावर नाव नसलेल्याने वाद्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. चार नावं आमची. तू सामान उचलायला आलेली, तेव्हा तुझं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मी, पाच वर्षं ड्रम्स वाजवणारा शहाणा, सतरंजी घरी विसरलो होतो. खाली सतरंजी नसली की गुळगुळीत फरशीवर पायाने वाजवायचा तो मोठा ढोल दर ठोक्याला बोटभर पुढे पळतो. पहिली तीन गाणी साधी होती, चार मात्रांची. ती मी ढोलामागे सरकत सरकत कशीबशी ओढली. चौथं लंबूचं नवं गाणं होतं, सात मात्रांचं. सातव्या मात्रेनंतर गाणं पुन्हा पहिल्यावर यायचं आणि मी दर वेळी मध्ये आठवी घुसडायचो. पाच वेळा सुरू केलं, पाच वेळा आपटलो. आधी फरशीला शिव्या घातल्या, मग मनगटाला. नाचता येईना अंगण वाकडं. घड्याळात वीस मिनिटं उरली, तेव्हा मनगट धरून उठलो आणि म्हणालो, हात गेला माझा, तीनच गाणी जाऊ देत.

तू कोपऱ्यात रिकाम्या खोक्यावर बसली होतीस. केसांना रबर लावलंस, येऊन माझ्या जागेवर बसलीस आणि स्टूल दोन फेरे फिरवून खाली केलंस. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या स्वेटरवाल्या काकांनी तुझ्याकडे पाहिलं, मग नावांच्या कागदाकडे पाहिलं, मग तो कागद उलटा ठेवला आणि लाल दिवा लावला. ढोल पळू नये म्हणून मी त्याच्यासमोर फरशीवर बसलो, पाठ ढोलाला आणि पाय भिंतीला. तू तोंडाने मोजलंस. मी कधी तोंडाने मोजत नसे, काठीवर काठी आपटली की झालं. तू मात्र घरी उशीवर वाजवताना मोजायचीस तसंच मोजलंस, एक ते सहा, हलक्या आवाजात, आणि सात म्हणायच्या जागी श्वास घेतलास. पुढची चार मिनिटं अकरा सेकंद तुझा प्रत्येक ठोका माझ्या पाठीत बसत होता. त्यातला एकही चुकीच्या जागी नव्हता, हे जगात सगळ्यांच्या आधी माझ्या पाठीला कळलं. ठमे, मला अभिमान वाटला होता. शपथेवर सांगतो, आधी अभिमानच वाटला होता. लाज मागून आली आणि तिने सगळी जागा बळकावली.

मग गाडीत सामान भरताना मी सगळ्यांना सांगितलं, हे बाहेर बोलायचं नाही, कागदावर माझं नाव आहे, उगाच काकांची नोकरी जायची. काकांच्या नोकरीची मला किती काळजी होती ते तूही ओळखलं असशील. दोन आठवड्यांनी कार्यक्रम लागला, तेव्हा आपण तिघं जेवायला बसलो होतो आणि रेडिओ फ्रिजवर होता. निवेदकाने चौथं गाणं संपल्यावर ड्रमरचं खास कौतुक केलं आणि माझं नाव घेतलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तू माझ्याकडे बघितलंस. घरात आपण तिघंच होतो, काकांची नोकरी तिथून कशी जाणार होती? तरी मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. तू ताट उचलून आत गेलीस. त्यानंतर तू उशीवरसुद्धा कधी वाजवलं नाहीस. तुझ्यासाठी जुना ड्रम सेट बघायचं आपलं ठरत होतं, तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही.

त्या गाण्याने पुढे माझं नाव किती झालं, ते तू लांबून बघितलंसच. स्टुडिओत ते नीट रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा आम्ही ते चार मात्रांत बसवलं, कारण ड्रमर मी होतो. ऐकणाऱ्यांनी लगेच ओळखलं. रेडिओवरचं खरं आणि हे पाणचट, असं लोक अजून म्हणतात. ज्यांनी त्या संध्याकाळी ते कॅसेटवर टिपून घेतलं होतं, त्यांनी प्रतींवर प्रती काढून वाटल्या. एकदा मुलाखतीत मला विचारलं, तसं पुन्हा कधी का नाही वाजवलंत? मी म्हणालो, त्या दिवशी अंगात आलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय, हे शाळेत शिकवायचं असेल तर माझा फोटो लावायला हरकत नाही.

आता मागच्या महिन्याचं ऐक. टेपा साफ करणारी एक मुलगी आहे, वयाने माझ्या धाकट्या पोरीएवढी, कानाने मात्र आपल्या सगळ्यांची आजी. तिने मला बोलावून घेतलं, हेडफोन दिला आणि ते गाणं लावलं. रेडिओवर लावायच्या प्रतीतून गाण्याआधीचं मोजणं कापून टाकायचे. मूळ टेपवर ते तसंच असणार, हे एकतीस वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. म्हणे मी ड्रमर. हेडफोनमध्ये एकोणीस वर्षांची तू बोललीस. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि श्वास. त्या मुलीने विचारलं, ही कोण? आणि हे ठेवू की कापू? मी म्हणालो, कापा. चार सेकंदांचा तर प्रश्न होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. डब्यावर काकांच्या अक्षरात त्या गाण्यापुढे लिहिलं होतं, 'एकदाच घेतलं. पुरे.' ते वाचलं आणि जिना उतरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अल्बमची बातमी द्यायला तुझ्या दवाखान्यात फोन केला. नुसती बातमी द्यायला, बाकी काही कबूल करायला नाही. तुमच्या बाईंनी थांबा म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला. मागे तू कुणाचा तरी गुडघा वाकवून घेत होतीस आणि मोजत होतीस. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात म्हणाली नाहीस, श्वास घेतलास. मध्येच फोन बंद पडला असं बाईंनी तुला सांगितलं असेल. पडला नाही, मी ठेवला.

तसाच तडक आईकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, फरशी, मनगट, सगळं. तिने हातातल्या चादरीची घडी पुरी केली आणि म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं. रात्रपाळी करून मी दिवसा झोपायला बघायचे आणि भिंतीपलीकडे ही महिनाभर उशी बडवत होती. रेडिओवर तीच उशी वाजत होती रे. मी विचारलं, मग माझ्या पाठीवर हात का ठेवलास? तर म्हणाली, ती शाबासकी नव्हती, धक्का होता. म्हटलं आता तरी बोलेल. मी एकतीस वर्षं त्या हाताला शाबासकी समजत आलो, ठमे. मग एवढी वर्षं तू का नाही बोललीस, असं मी तिला चिडूनच विचारलं. तिने दुसऱ्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ते तुझं तू सांगायचं होतंस.

खाली येऊन रस्त्यातूनच त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, ती माझी बहीण आहे, एक सेकंदही कापू नका. लंबूला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, बरं झालं, आता ते गाणं मला निवांत ऐकता येईल. मुलाखतवाल्यालाही लिहून पाठवलंय की अंगात वगैरे काही आलं नव्हतं, स्टुलावर माझी बहीण होती. एवढी वर्षं मूग गिळून बसलेला माणूस एका दुपारात चौघांना सांगून मोकळा झाला, आणि बघ, आभाळ काही कोसळलं नाही. फक्त जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, तीच शेवटी राहिली.

तर हे पत्र त्यासाठी. तुझं होतं ते मी माझं म्हणून मिरवलं आणि तुझे ड्रम्स माझ्यामुळे सुटले. मी चुकलो, ठमे. माफी मागणं माझं काम, ती द्यायची की नाही ते तुझं. सोबत एक फॉर्म आहे. ज्याने वाजवलं त्याची सही असल्याशिवाय गाणं छापता येत नाही, आणि कव्हर या महिनाअखेर छपाईला जाणार आहे. तू सही केली नाहीस तर अल्बममध्ये दहाच गाणी असतील, माझ्या नावाने अकरावं जाणार नाही. हे लंबूलाही पटलंय आणि कंपनीलाही कळवलंय, त्यामुळे माझ्याकडे बघून सही करू नकोस. करणार असलीस तर नाव तेवढं स्वतःच्या हाताने लिही. माहेरचं लिहायचं, सासरचं लिहायचं की नुसतं ठमी, हे मी कोण ठरवणार? 'ड्रम्स' या शब्दापुढची जागा मी मोकळी सोडली आहे. त्याखालची एक ओळ मात्र मी भरून दिली आहे आणि तिच्यात कुणाला काही बदलू देणार नाही. 'ढोल धरून बसला: तिचा भाऊ.'

तुझाच,
दादा