पहिल्या चार ओळी

१० जानेवारी २००८, गुरुवार. डब्लिन, ओहायो
हिमानी आज पुन्हा लायब्ररीतल्या वाचनगटाला गेली. एकोणिसाव्या शतकातली कुणी इंग्लिश कवयित्री आहे, तिच्या प्रेमकविता वाचतात. हिमानी नागपूरला कॉलेजात इंग्लिश शिकवायची. इथे माझ्या व्हिसावर आली, त्यावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे चार वर्षं घरीच. छंद हवाच. माझा फुल सपोर्ट आहे. फक्त परत आल्यावर ती स्वतःशीच हसत होती. माझ्याशी बोलताना अशी कधी हसली, ते चटकन आठवेना.
संकल्प: कवयित्रीबाईंच्या सगळ्या कविता वाचणे. रोज पाच.

१४ जानेवारी
वाचल्या: शून्य. ऑफिसात सॉफ्टवेअर बंद पडलं, प्रॉडक्शन इश्यू. उद्यापासून रोज दहा.

२१ जानेवारी
दीड कविता झाली. बाई सारख्या कुणाची तरी वाट बघतात. मुद्द्यावर येतच नाहीत. हिमानीला विचारलं, हा माणूस नेमका येतो तरी कधी? ती म्हणाली, तो घरातच आहे, परीक्षित. म्हणून तर लिहितेय ती.
आमचं कवितेवरचं पहिलं डिस्कशन. छान झालं.

२ फेब्रुवारी
सोळाला आमची ॲनिव्हर्सरी. माझा मित्र श्रीरंग आणि सुलभावहिनींनी दुपारी जेवायला बोलावलंय. तिथे कविता पाठ म्हणून सरप्राइज देणार. तिच्या पुस्तकात एका पानाचा कोपरा दुमडलेला दिसला, म्हणजे आवडती असणार. तीच निवडली. पहिल्या चार ओळी पुरेत. पुढे तेच असणार.

१६ फेब्रुवारी, शनिवार
जबरदस्त! एकदाही अडखळलो नाही. श्रीरंग 'वा, यार' म्हणाला. तेवढ्यात हिमानीनं पुढच्या सगळ्या ओळी म्हटल्या. पुस्तक न बघता, हळू आवाजात. शेवटी त्यातली बाई निरोप घेऊन निघून जाते, असं दिसतं. सुलभावहिनी डोळे पुसत किचनमध्ये गेल्या. इम्पॅक्ट!
गाडीत हिमानीनं विचारलं, पुढचं वाचलंच नव्हतंस ना? म्हटलं, वेळ कमी पडला. मग घरापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. भारावली असावी.

७ मार्च
हिमानीला स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीला ॲडमिशन. शिकवायचं कामही देणार आहेत. अर्ज डिसेंबरात केला होता. मला सांगितलं होतं, म्हणे. डिसेंबरात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं.
अभिनंदन केलं. म्हटलं, वीकेंडला येत जा. ती समोर येऊन बसली. म्हणाली, नीट ऐक. मी शिकायला जातेय, पण नुसती शिकायला नाही. मी जातेय.
ऐकलं. शिक्षणाची केवढी तळमळ आहे तिला!

१९ एप्रिल
हिमानी आता दुसऱ्या बेडरूममध्ये झोपते. कॉन्सन्ट्रेशनसाठी असणार. मला आठवडाभर भूक नाही, छातीत जड वाटतं. डॉक्टर म्हणाला, रिपोर्ट्स नॉर्मल आहेत, घरी काही स्ट्रेस? ठामपणे नाही म्हटलं. मग कार पार्किंगमध्ये कुठे लावली तेच सापडेना.

१६ ऑगस्ट, शनिवार. स्टेट कॉलेज
हिमानीला सोडायला सहा तास ड्राइव्ह केला. वाटेत रोमँटिक बोलायचा प्लॅन होता. पिट्सबर्ग गेल्यावर सुरुवात केली. ती म्हणाली, आज नको ना, प्लीज.
रूममेट आश्लेषा. पुण्याची, चांगली वाटली. अपार्टमेंटच्या ऑफिसात फॉर्म भरायचा होता. 'अडचणीत कुणाला कळवावं' या रकान्यात हिमानीनं आश्लेषाचं नाव लिहिलं. वीस मिनिटांची ओळख! मी हळूच म्हटलं, चुकलं बहुतेक. ती नाही म्हणाली. म्हटलं, बरोबर आहे, मी लांब असणार, प्रॅक्टिकल आहे.
तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, तू लांब नव्हतास तेव्हाही मी एकटीच होते रे. किती वेळा सांगितलं तुला.
तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. कधी सांगितलंस, विचारलं. ती म्हणाली, आता राहू दे, निघ, अंधार व्हायच्या आत पोच.

१७ ऑगस्ट, रविवार
येताना दोनदा एक्झिट चुकलो.
सकाळी श्रीरंगचा फोन. हिमानी पोचली का नीट? हो म्हटलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येणार ना? म्हटलं, नाही. मग डिसेंबरात? म्हटलं, नाही येणार ती.
तो म्हणाला, काय झालं यार, असं अचानक?
म्हटलं, अचानक नाही. ती सांगत होती. मी हो हो म्हणत होतो.