सहीपुढची रेघ

माय, तू सही केल्यावर पुढे ती लांबलचक रेघ काऊन ओढायचीस, हे मी तुला कधी विचारलंच नाही. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. कालच्या ग्रामसभेत ती रेघ इतक्यांदा डोळ्यांसमोर आली की आज सकाळी चहा ठेवला तो उतू गेला, आणि ओटा पुसायचा सोडून मी ही वही घेऊन बसले.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गातून तू सही शिकून आलीस ते दिवस मला आठवतात. चुलीपुढच्या सारवलेल्या भुईवर कोळशाने गिरवतेस, तव्यावर भाकर करपतेय आणि तुला पत्ता नाही. नावाची वाकडीतिकडी अक्षरं, आणि शेवटच्या अक्षराच्या पायातून निघालेली रेघ थेट भिंतीपर्यंत. बचत गटाचं खातं उघडायला बँकेत गेलो तिथंही तेच. तुझी रेघ कागदाच्या काठाला जाऊन टेकली, तसा खिडकीतल्या बँकेच्या बाबूने कपाळाला हात लावला. "बाई, हे रजिस्टर हाय का पाटी?" मी सातवीत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर म्हटलं, ती रेघ नको मारत जाऊ, लोक हसतात. तू रस्त्यातच थांबलीस. "चार बुकं वाचली त लय शहाणी झाली काय वं? सही माही, रेघबी माही. तुह्या बापाची नाही!" आणि त्याच रागात उंद्रीच्या बाजारातून मला शाईचा पेन घेऊन दिलास. राग आणि पेन एकाच हाताने कसे देता येतात, हेही मला अजून कळलेलं नाही.

तुला ऐकून नवल वाटेल, मी हल्ली विजेच्या मागे लागले आहे. गावोगाव बैठका घेते. पिकाला पाणी द्यायला माणसांनी रात्रीचं विंचूकाट्यात का जावं, दिवसा लाईन का नाही, कोळसा जाळून जाळून ऊन कसं वाढतंय, आणि हेच ऊन कामाला कसं लावता येईल, असलं सगळं बोलते. दर बैठकीत कुणीतरी बाई विचारतेच, "मंग ढग आले तं?" मला दर वेळी तूच विचारतेस असं वाटतं. उत्तर देते मी, पण तुझं समाधान झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

गेल्या वर्षीची ग्रामसभा नेमकी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. हजेरीच्या सह्या आधी, सभा मागून. मजुरीवर जायची घाई असलेल्या बाया दारातच कोऱ्या पानावर सही करतात, अंगठा देतात आणि विळा घेऊन निघतात. दिवसा विजेसाठी सौर प्रकल्प येणार, एवढंच सांगितलं होतं. बायांनी सह्या केल्या. मीही केली. महिन्याभरानं गायरानावर टेप आणि चुन्याची घमेली घेऊन माणसं आली. हो, तेच गायरान, जिथं तुझ्या शेळ्या चरल्या आणि ज्या शेळ्यांवर माझं कॉलेज झालं. आपल्या वस्तीत बुद्धविहाराच्या मागच्या एकाही घराला आजही वावर नाही, शेताचा तुकडा नाही, शेळ्या तेवढ्या आहेत. शेजारची म्हातारी काठी घेऊन आडवी झाली. "कोण बे तुम्ही? चुना काऊन टाकून राह्यले?" तो पोरगा बिचारा नरमाईनं म्हणाला, "आजी, गावानंच जागा देली ना. ठराव हाय." नक्कल काढली तर खरंच होता. आमच्या सह्यांच्या पुढं राहिलेल्या मोकळ्या जागेत, ग्रामसेवकाच्या टापटीप अक्षरात, गायरान एकमतानं दिलेलं.

मग सुरू झाल्या चकरा. तहसील, पंचायत समिती, पुन्हा तहसील. आमचं सूर्याशी भांडण नाही, हे सांगता सांगता घसा बसला. टेकडीमागच्या बंद खदानीवर सौर पाट्या लावा, शाळेवर लावा, पंचायतीच्या छतावर लावा, पण शेळ्यांच्या तोंडचा घास काढू नका, एवढंच म्हणणं. शेवटी काल विशेष ग्रामसभा लागली. जुना ठराव रद्द झाला. नवा आधी लिहिला, मोठ्यानं वाचला, हात वर झाले आणि मगच सह्या. बायांना मी तुझी रेघ शिकवली होती. एकेकीनं सही केली आणि काठापर्यंत ओढली. म्हातारी अडली, "अंगठ्याले रेघ कशी मारू वं?" मग माझ्याच हातातला पेन घेऊन अंगठ्याच्या ठशापासून तिनं नांगराच्या तासासारखी रेघ काढली. ग्रामसेवक कळवळला, "काकू, जागा राहू द्या, पुढं लिहा लागते!" म्हातारी म्हणाली, "म्हणूनच तं!" सभा अशी हसली म्हणून सांगू! पुढे मोजणीवाले साहेब काय करतात ते पाहायचं, पण कागदावर तरी गायरान आपलं राहिलं.

संध्याकाळी मला राहवेना, साखरखेर्ड्याला मावशीला फोन लावला. विचारलं, मायला कुणी कोऱ्या कागदावर फसवलं होतं का गं? मावशी खदखदून हसली. "कायचं फसवते! शिकवणाऱ्या बाईनं फळ्यावर तिचं नाव लिहून खाली रेघ मारली होती. तिले वाटे रेघ सहीतच येते." मी हसले आणि मग फोन ठेवून रडले. पण माय, मावशीचंच खरं कशावरून? त्या दिवशी रस्त्यात तू इतकी का चिडली होतीस? चूक होती की शहाणपण, ते एकटी तूच सांगू शकली असतीस, आणि मी विचारलं नाही.

आता एक राहिलं. वर मी लिहिलं, बायांनी सह्या केल्या, मीही केली. तसं नव्हतं. त्या पानावर पहिली सही माझी आहे. बाया दारात अडखळल्या होत्या. म्हातारीनं विचारलं होतं, "पान तं कोरं हाय वं, करू काय?" आणि मी, चार बुकं शिकलेली, म्हणाले, "करा करा, मी केली ना." वर्षभर मी ग्रामसेवकाच्या नावानं बोटं मोडली. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. हे अजून एकीलाही सांगितलेलं नाही. तुला तरी पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? वहीतच राहील. खाली सही केली आहे. रेघ ओढायला हात उठत नाही. आधी म्हातारीकडे जाऊन येते.