गाजराचा एक तुकडाही नको

प्रिय लायल,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच फुगू नकोस. फोन करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू नुसतं हं हं करतोस, माझं डोकं फिरतं आणि दोघांतलं एक जण फोन आपटतं. बहुतेक मीच. म्हणून लिहितेय. शाळा मी आठवीत सोडली, तेव्हा चुका असतील. त्या काढत बसू नकोस. चुका काढायचा तुझा धंदा आहे, तो जंगलापुरता ठेव.

आधी बातमी. बाबांच्या फुप्फुसांत आता फारसा दम राहिलेला नाही. नाकाला प्राणवायूची नळी असते. ती घरभर त्यांच्यामागून सरपटते आणि मांजर नेमकं तिच्यावर बसतं. डॉक्टरीणबाई पुढच्या उन्हाळ्याचं नाव काढेनात, म्हणून मी सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, जे करायचं मनात असेल ते बर्फ पडायच्या आत करून घ्या. बाबांच्या मनात एकच आहे. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा मोसम उघडतो, त्या सकाळी लपणात बसायचं आणि समोर हरिण यायला हवं. गोळी झाडीन न झाडीन, म्हणाले, पण ते आपल्या पायांनी समोर आलेलं मला बघायचंय. एवढं एक मागितलंय माणसानं, आणि ते एवढंसं मागणं पुरं करता करता माझा उन्हाळा गेला.

कारण जुनं लपण दलदलीपलीकडे, देवदारांत. तिथवर बाबा काय, त्यांची नळीसुद्धा पोचायची नाही. वसंतात म्हणाले, मी तिकडे जाऊ शकत नाही तर लपण इकडे आण. शेजारच्या हार्लननं ट्रॅक्टरला साखळी लावून ते लाकडी खोपटं ओढत आणलं आणि गोठ्यामागच्या शेताच्या कडेला, पिवळ्या सफरचंदाच्या झाडाजवळ उभं केलं. ओढताना त्याची एक फळी निघाली, ती मी ठोकली, वाकडी. बाबांची चाकांची खुर्ची ढकलत नेता येईल अशी वाट केली. सगळं झालं, फक्त हरणं नव्हती. घराच्या इतक्या जवळ ती कशाला येतील? तिथं माझा आवाज असतो.

मग मी तेच केलं जे या गावात सगळे करतात. पेट्रोल पंपावर अजून गाजरांची आणि बीटची पोती मिळतात. वर पाटी असते, 'घोड्यांसाठी'. गावात घोडे किती आहेत ते तुला ठाऊक आहे. तुमच्या वन्यजीव खात्यानं हरणांना खाणं टाकायला बंदी घातल्यापासून घोड्यांची भूक फार वाढलीय. मी ट्रकभर पोती आणली आणि लपणासमोर ढीग घातला, म्हणजे मोसमापर्यंत हरणांना जागेची सवय होईल. बाबांनी खिडकीतून बघितलं. मला वाटलं, खूश आहेत. का नसतील? तुझ्या त्या दंडाच्या पावतीनंतर त्यांनी ढीग कमी केला नव्हता, उलट दुप्पट केला होता.

ती पावती काढायची नव्हती, पण निघालीच आहे तर निघू दे. तो दिवस मला लख्ख आठवतो. तू नव्या गणवेशात आलास, बूट अजून करकरत होते. ढिगाकडे बघितलंस, बाबांकडे बघितलंस आणि समजावलंस, की एका ढिगात सगळी तोंडं घालतात, लाळेतून रोग पसरतो, मग हरणं वाळत वाळत मरतात. खरंच होतं ते. हार्लनच्या ओढ्यापाशी तसलं एक मी स्वतः बघितलंय, नुसता सांगाडा, उभ्या जागी डुलत होता. पण बाबा म्हणाले, माझ्या बापानं इथं बीट टाकले, मीही टाकणार. तू खिशातून पुस्तक काढलंस आणि पावती फाडलीस. दुसऱ्या कुणी बापाला सूट दिली असती. तू नाही दिलीस. बाबांनी कागद हातात घेऊन विचारलं, सही कुठं करू, साहेब? आणि तू म्हणालास, हा ढीग असेपर्यंत मी या जमिनीवर पाय ठेवणार नाही, ठेवला तर दर वेळी पावती फाडावी लागेल. दोघंही एकाच लाकडाचे. त्या वर्षी चौकात, जिथं मोसमात मारलेले नर टांगून ठेवतात त्या बल्लीखाली, लोक बाबांना विचारत होते, वर्न, पोरानं तुलाच टांगलं म्हणे? ते हसले आणि घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. साहेब म्हणतात. साहेबाचं नाताळचं कार्ड आलं का, साहेबाला पोरगी झाली म्हणे.

तर ढीग घालून आठवडा झाला असेल. सकाळी मी अंडी तळत होते. बाबा म्हणाले, तो ढीग उचल. मी म्हटलं, अजून कुणी तोंडही लावलेलं नाही. म्हणाले, उचल. मला वाटलं, मेंदूला प्राणवायू कमी पडतोय. पण ते खुर्ची घेऊन शेताच्या कडेला बसले, मांडीवर प्राणवायूचं छोटं नळकांडं, हातात काठी, आणि मला दाखवत राहिले. तिथं एक राहिलंय. ते बघ, बुटाखाली. फावड्यानं उचललं, मग दाताळ्यानं ओढलं, मग गुडघ्यांवर बसून हातानं वेचलं. गाजराचा एक तुकडाही नको, म्हणाले. तुकडा राहिला तर नियमानं ती जागा ढीगच. मी म्हटलं, सगळं आयुष्य नियमाला शिव्या घातल्यात, आता मरताना कायदा आठवला का? म्हणाले, तोंड चालवतेस तेवढा हात चालव. गाजरं हार्लनच्या गाईंनी खाल्ली. हार्लन म्हणाला, वर्नला देवानं गाठलं वाटतं. मी म्हटलं, देवानं गाठलं असतं तर माझे गुडघे वाचले असते.

मग शलगम पेरले. पीक पेरलेलं चालतं, टाकलेलं चालत नाही, हे तुमचं शहाणपण. बाबांनीच सांगितलं. कुठून कळलं ते मी विचारलं नाही. हार्लननं कुळव फिरवला, मी बी फेकलं, पाऊस बरा झाला आणि ऑगस्ट संपता संपता पाला गुडघ्याला लागला. हिरवागार, रुंद, बघत राहावा असा. आणि एकाही हरणानं त्याला तोंड लावलं नाही. सप्टेंबर गेला, अर्धा ऑक्टोबर गेला. रोज सकाळी बाबा खिडकीशी, रोज सकाळी शेत रिकामं. मी म्हटलं, झालं, गाईंना गाजरं आणि हरणांना बगीचा.

शेवटी माझा धीर सुटला. हार्लनच्या बायकोकडून बादलीभर सफरचंदं आणली आणि आपल्या झाडाखाली पसरली. झाडाखाली सफरचंदं असतातच, तुझ्या अख्ख्या खात्याला कळलं नसतं. बाबांना खिडकीतून कळलं. आपल्या झाडाला लाल सफरचंद कधीपासून लागायला लागलं, म्हणाले. मी एकेक वेचून परत बादलीत भरलं. रडत होते मी, लायल, रागानं. मला वाटत होतं, या माणसाला हरिण बघायचंय की मला छळायचंय?

तुला आठवतं, आपण लहान असताना ते आपल्याला देवदारांत न्यायचे? मोसम उघडायच्या दिवशी शाळेला सुट्टी असायची आणि त्याच्या आदल्या दुपारी आपण बीटच्या बादल्या उचलायचो. टाकून झालं की मागं वळून बघायचं नाही, हा त्यांचा नियम. बघत उभं राहिलं की हरणाला कळतं कुणीतरी वाट बघतंय, मग ते येत नाही. त्याला वाटलं पाहिजे, आपण आपल्या मनानं आलो. तू दर वेळी वळायचास आणि ते तुझी टोपी धरून डोकं परत पुढं फिरवायचे. मी कधी वळले नाही. मला थंडी वाजायची, मला घरी जायचं असायचं.

गेल्या आठवड्यात पहिली कडक थंडी पडली. सकाळी सगळा पाला पांढरा, काचेसारखा ताठ. दुपारी ऊन लागल्यावर लोळागोळा झाला. मी म्हटलं, संपलं, आता हेही गेलं. संध्याकाळी बटाटे सोलत होते तर बाबांनी माझी बाही धरली. शेतात दोन माद्या होत्या, एक वर्षाचं पिल्लू आणि मागं झाडाच्या कडेला एक शिंगाळा, एका शिंगाचं टोक मोडलेला. खाली माना घालून सगळी पाला ओरबाडत होती, जणू उन्हाळाभर त्याचीच वाट बघत होती. रोज येतात आता. बाबा म्हणाले, शलगमाचा पाला गोठल्यावर गोड होतो, त्याआधी कडूच. मी विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं तर मला का नाही सांगितलं? म्हणाले, माहीत होतं, पण गोठेपर्यंत मी असेन का, ते माहीत नव्हतं.

आता हे का लिहितेय ते. काल त्यांनी लपणात दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या. मी ठेवल्या, माझ्या खुर्चीवर जाड उशी घातली, थर्मास कुठला न्यायचा तेही ठरवलं. बाबांनी उशी बघितली आणि विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, माझी. म्हणाले, तू? तू बसलीस तर हरिण सोड, ससा फिरकायचा नाही. मग कुणासाठी, मी विचारलं. ते बराच वेळ मांजराला नळीवरून उठवत बसले. मग म्हणाले, "लायलला यावंसं वाटलं, तर त्याच्या बुटाला गाजर लागायला नको." साहेब नाही म्हणाले. लायल म्हणाले. त्याला कळवू का, विचारलं, तर माझ्यावर ओरडले, खोकला येईपर्यंत ओरडले, की अजिबात नाही, टाकून झालंय, आता वळून बघायचं नाही. पण मी म्हातारी होत चाललेय, लायल, आणि वाट बघत बसणं मला कधी जमलं नाही. तेव्हा मी वळून बघतेय. पंधरा तारखेला उजाडायच्या आत ये. गणवेशात आलास तरी चालेल. हवं तर आधी सगळी जमीन तपास, वाकून, बोटांनी, त्यांच्या डोळ्यांदेखत. तुला काही सापडणार नाही, आणि तेच तुला दाखवायचंय त्यांना. फक्त हे पत्र आलं होतं असं म्हणू नकोस. विचारलंच, तर सांग, इकडून चाललो होतो, आपल्या मनानं वळलो.

लपणात जागा नसलेली, तरीही तुझीच,
मार्ला