सलाईन मघाशी डाव्या हाताला होतं

प्रिय खारूताई,

तू शनिवारी येतेयस हे कळल्यापासून एक प्रश्न मनात घोळतोय. फोनवरच विचारला असता, पण फोन हातात घेतला की तुझी आई शेजारी येऊन बसते, म्हणून लिहितोय. दोन शॉटच्या मध्ये नटाचे केस कापले गेले, तर तुम्ही लोक काय करता गं?

हसू नकोस. तुझं काम मला कधी नीट कळलंच नाही. शेजारी विचारतात तेव्हा मी सांगतो, आधीच्या शॉटमध्ये कप जिथे होता तिथेच पुढच्या शॉटमध्ये ठेवायचा, याचा तिला पगार मिळतो. त्यांना वाटतं मी थापा मारतोय. पण हा गुण तू उचललास तो आईकडूनच. जन्मभर वॉर्डात नर्स म्हणून वावरलेली बाई, तिच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे शिक्षाच. हिरो मरणाच्या दारात, सगळं थिएटर डोळे पुसतंय, आणि ही माझ्या कानाशी लागणार की सलाईन मघाशी डाव्या हाताला होतं, आता उजव्या हाताला कसं? बाटली अजून भरलेलीच कशी? आणि बेशुद्ध बाईला लिपस्टिक कोण लावून गेलं? पुढच्या रांगेतले वळून बघायचे आणि तू माझ्या मांडीवर खुदुखुदु हसायचीस. मी आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे माझी तक्रार एकच. ड्रायव्हर रस्ता सोडून शेजारणीच्या डोळ्यांत बघत बसतो, तरी गाडी झाडावर कशी आदळत नाही? बाकी हिरोची मिशी मध्येच गायब झाली असती तरी मला पत्ता लागला नसता.

अशा माणसावर आता तुझं काम येऊन पडलंय. आई जरा विसरायला लागलीय असं तुला म्हणालो होतो. जरा नाही, बरंच. गंमत अशी की चुका पकडायला मात्र ती विसरलेली नाही. उशी दुसऱ्या बाजूला गेली की तिला वाटतं ही खोली आपली नाही. एकदा मी आंघोळ करून शर्ट बदलून आलो, तर तिनं मला पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, हे येतीलच एवढ्यात. वाईट वाटलं, फार वाटलं. मग बाजारात जाऊन एकसारखे राखाडी शर्ट घेऊन आलो. रोज सकाळी तिच्या टेबलाचा मोबाईलवर फोटो काढतो आणि दिवसभर सगळं तसंच ठेवतो. चष्मा उजवीकडे, कपाचा कान खिडकीकडे. तुम्हीही असेच फोटो काढता ना? की तुमची काही वेगळी युक्ती असते? मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण पेल्यातलं पाणी किती होतं इथे मी हमखास फसतो.

आता केसांचं सांगतो. तू केस बारीक कापल्याचा फोटो पाठवलास, तो तिला दाखवला. तिनं निरखून बघितला आणि म्हणाली, मुलगी गोड आहे, पण आमच्या लेकीला लांब वेणी आहे. तेव्हापासून मला शनिवारची धास्ती बसलीय. विग वगैरे आणू नकोस, तो ती पहिल्या झटक्यात पकडेल. पण परवा टीव्हीवर सिनेमा बघताना माझ्या एक लक्षात आलं. आधी नुसता आवाज येतो आणि माणूस नंतर दिसतो, तेव्हा ती शंका घेत नाही. आवाज ओळखीचा असला की चेहरा ती चालवून घेते. तेव्हा बेल वाजवू नकोस. शाळेतून यायचीस तशी जिन्यातूनच ओरड, आई, भूक लागली म्हणून. तिचं उत्तर आल्याशिवाय वर येऊ नकोस. दार मी उघडंच ठेवीन आणि राखाडी शर्टात तिच्या मागे उभा असेन. एवढं करूनही तिनं चूक काढलीच, तर रडायचं नाही. गुपचूप खाली जायचं आणि पुन्हा ओरडत यायचं. तुमच्याकडे कुठे पहिलाच टेक ओके होतो?

तुझाच,
राखाडी शर्टातला बाबा