आंबील न सांडणारी गाडी

तामलवाडी,
मार्गशीर्ष, १९६७

प्रिय रामलिंग,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. भूमच्या गुरांच्या दवाखान्यात लोक तुला डॉक्टरसाहेब म्हणतात हे वाचून लई बरं वाटलं. तू अजून डॉक्टरच्या हाताखालचा नुसता स्टॉकमन आहेस हे मी गावात कुणाला सांगायची नाही. पण पुढं मोटारसायकलीचं वाचलं आणि चूल पेटवायची राहून गेली. उमरग्याला जुन्या मोटारी विकणाऱ्याकडं लष्करातली विलायती गाडी आहे, स्वस्तात मिळतेय, येत्या रविवारी जाऊन घेणार आहेस. वर पुन्हा, आई रागावू नकोस. व्वा रे वा! रागवायचं ते मी रागावणारच, पण आधी माझं ऐक. ती गाडी घेऊ नकोस. विसार दिला असशील तर बुडू दे.

गाडीच घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, हे नीट वाच. त्या माळावरच्या वस्त्यांवर एस.टी. जात नाही, आणि तू पायी पोचेपर्यंत घटसर्प झालेली म्हैस थांबत नाही. तुझे अप्पा ह्याच कामात होते, त्यामुळं मला हे कुणी समजावून सांगायला नको. ते गेल्यावर आपल्या घरात मोटारसायकलीचं नाव निघालं नाही म्हणून तू समजलास की आईला गाडीची भीती वाटते. वाटते तर खरंच. पण रात्रंदिवस पायपीट करून पोराच्या टाचा फुटलेल्या बघायच्या आणि भीती कुरवाळत बसायचं, एवढी मी वेडी नाही.

तुला गाडी चालवता येते म्हणजे सडकेवर येते. सडकेवर कुणालाही येते रे. तुझं काम नाल्यात, दगडगोट्यांत, काळ्या रानाच्या चिखलात. तिथं जोरात पळणारी गाडी काय कामाची? तिथं हळू चालणारी लागते, बैलाच्या चालीनं चालली तरी बंद न पडणारी. मी अप्पांच्या मागं बसून उमरगा तालुका सगळा हिंडलेय, तेव्हा मला शिकवू नकोस. बायका मोटारसायकलीवर बसल्या की लोक वळून बघायचे, आणि मी त्यांच्याकडं वळून बघायची.

ते नोकरीला लागले तेव्हा सडकेवरच्या ओव्हरसियरनं आपली छोटी गाडी त्यांना काही दिवस वापरायला दिली होती. नेमकी येळवस आली, शेतात पूजा करून जेवायची मार्गशीर्षातली अवस. शेतात जायचं तर आंबिलीचा बिंदगा, ते मडकं, डोक्यावरून न्यायची रीत, पण ह्यांना हौस! मला मागं बसवलं, बिंदगा मांडीवर दिला आणि बांधाबांधानं, नाल्यातनं गाडी अशी नेली की थेंब सांडला नाही. शेतात मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांना नैवेद्य दाखवला तेव्हा सासूबाईसुद्धा हसल्या. मग ह्यांनी स्वतःची गाडी घेतली ती लष्कराच्या लिलावातली. मोठी, भारदस्त, आवाज असा की दोन शेतं पलीकडं माणसं उभी राहायची. पुढच्या येळवशीला त्याच वाटेनं गेलो आणि निम्मी आंबील माझ्या इरकली लुगड्यावर. गाडीला हळू चालणं माहीतच नव्हतं, हळू केली की आचके द्यायची आणि आडवी व्हायला बघायची. सगळे हसले, हेही हसले. मीसुद्धा हसले. तेव्हाच ती गाडी परत करा म्हणून हटून बसायचं सुचलं नाही, कारण कुणालाच काही कळलं नव्हतं.

आता जे सांगते ते तुला आजवर कुणी सांगितलेलं नाही. अप्पा गेले तेव्हा तू पाच वर्षांचा, आजोळी होतास. ते नाल्याच्या पुरात गेले असंच तुला ठाऊक आहे. पूर नव्हता रे. पाणी गुडघ्याएवढं होतं. एका शेतकऱ्याची गाय अडली होती, तिकडं निघाले होते. चिखलात चाक घसरलं, गाडी पडली ती त्यांच्या अंगावर. एकट्यानं ती उचलणं त्यांना झेपलं नाही. आपल्या गावच्या वजीरभाईंचा ट्रक सडकेवरनं जात होता, त्यांनी लांबून पाहिलं आणि क्लीनरला घेऊन धावले. दोघांना मिळून ती गाडी बाजूला करता आली, पण तोवर सगळं संपलं होतं. गुडघाभर पाण्यात माझा धट्टाकट्टा माणूस गेला. लोकांना पूर म्हणायला सोपं पडलं. मीही म्हणू दिलं.

म्हणून दुसरी कुठलीही गाडी बघायला जाशील तेव्हा आधी ती जमिनीवर आडवी कर आणि कुणाचा हात न लावता उभी कर. विकणारा हसेल, हसू दे. नाही उचलली तर नमस्कार करून माघारी फीर. बसल्यावर दोन्ही पाय भुईला टेकले पाहिजेत. आणि मागं पाण्याची कळशी बांधून नांगरटीतनं चालवून बघ. आपल्या गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची राजदूत मोटारसायकल आहे, दिसायला किरकोळ, पण तो तिला पोरासारखी उचलून कट्ट्यावर चढवतो. त्याची बदली झालीय, गाडी विकायची म्हणतो. ती तुझ्यासाठी ठेवायला सांगून आलेय. तिला भपका नाही, पण तुला नवरदेवाची वरात काढायची नाहीये.

एवढं सगळं पुढच्या खेपेला तू आल्यावर भाकरी वाढतानाही सांगितलं असतं. पण रविवार जवळ आला, आणि तुझ्या पत्राच्या शेवटची ओळ मला झोपू देईना. गाडीच्या मागं औषधाच्या पेटीसाठी लोखंडी चौकट आधीच ठोकलेली आहे, जणू माझ्यासाठीच केलीय, असं तू खुशीनं लिहिलंस. काल दोन एस.टी. बदलून मी उमरग्याला गेले. गाडीला काळा रंग दिलाय. मी चौकटीला हात लावून बघितला. इरण्णा लोहाराकडं ती करून घेतली तेव्हा मी तिथंच उभी होते, तुला कडेवर घेऊन. बाळा, ती तुझ्यासाठी नाही केलेली, तुझ्या अप्पांसाठी केली होती. त्यांच्या अंगावर पडलेली गाडी तीच. तुझ्या दारात ती मला बघवणार नाही.

तुझीच,
आई