कन्नड बोललेली गिटार

आप्पा, गेल्या रविवारी टिळकवाडीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एवढा जाड हार की मानेला रग लागली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हार कसला गं, बैलाचं जू हाय हे." सत्कार कशाबद्दल, तर आपल्या भागातल्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या पहिल्या पोरींपैकी मी एक, म्हणून. ज्या गाण्यापायी येळ्ळूरच्या भावकीनं आपल्याला लग्नाची आवतणं द्यायची बंद केली होती, त्याच गाण्यासाठी आता भावकीतली नातवंडं पहिल्या रांगेत बसून फोटो काढत होती. मला चार शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि नेहमीची गोष्ट सांगितली. निपाणीच्या गणपतीत, भरल्या मंडपात, आमच्या गिटारवाल्यांची गिटार मध्येच कन्नड बोलायला लागली, ती. लोक पोट धरधरून हसले. अध्यक्षांनी डोळे पुसले. आपले ढोलकीवाले काका तेवढे हसले नाहीत. ते आता काठी घेऊन चालतात, कमी ऐकू येतं, मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नसेल. कार्यक्रम संपल्यावर ते हळूहळू माझ्यापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुझा आप्पा लई गोड वाजवायचा गं. ते बी सांगत जा की कवातरी." एवढंच बोलून गेले. मला त्या शालीत दरदरून घाम फुटला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्या गिटारचा पिकप कसा झाला, ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना पिकप म्हणजे मालाची गाडी वाटते. गिटारच्या तारांखाली बसणारी ती छोटी डबी, आत चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली; गिटारची तार छेडली की तिचा आवाज उचलून अॅम्प्लिफायरकडे धाडणारी. तुमच्या कलकत्त्याच्या गिटारमधला मूळचा पिकप सत्तर-एकाहत्तर सालापासूनच पत्र्यासारखा वाजत होता आणि एकोणऐंशीच्या पावसाळ्यात तो मेलाच. तेव्हा कॅम्पातले ते गोव्याचे वादक तुम्हाला म्हणाले, माझ्याकडे मुंबईहून आलेला एक परदेशी पिकप आहे, बसवून बघा, पसंत पडला तर ठेवा. तुम्ही तो आणलात, उलटसुलट करून बघितलात आणि म्हणालात, "ह्यात काय हाय? तारच गुंडाळलीय न्हवं? मी जल्मभर दुसरं काय करतोय?" तुमचं मोटर वाइंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात सांबऱ्यापासून खानापुरापर्यंतच्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटरी तुमच्या दारात येऊन पडायच्या आणि तुम्ही त्या पुन्हा गुंडाळून द्यायचात. नम्रपणा तुमच्या गावाला नव्हता, आप्पा. गिऱ्हाइकाला तुम्ही तोंडावर सांगायचात, "माझ्या हातची मोटर जळली तर विहीर चुकली म्हणायचं, मोटर न्हाय." तसेच तुम्ही पिकपलाही भिडलात. तार तुटायची, तुम्ही शिव्या द्यायचात, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी एका मोडक्या स्पीकरचं चुंबक घालून तुमचा पिकप तयार झाला. दिसायला शेणाच्या गोवरीपेक्षा बरा, इतकंच. आई म्हणाली, "हे देवाफुडं ठिवू नका म्हंजे झालं."

मग दोन्ही पिकप ऐकून बघायचे ठरले. आपल्या घरात कशाचीही पारख करायची तुमची एक रीत होती. नवा माइक असो, स्पीकर असो, तबल्याला घातलेलं चामड्याचं पान असो, ऐकणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं. मागं वळायचं नाही, कोण काय वाजवतंय ते बघायचं नाही. "डोळं लई फितूर असत्यात," तुम्ही म्हणायचात, "महाग दिसलं की कानाला गप बसवत्यात." भिंतीकडे तोंड करून बसवायचात मात्र फक्त मला. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या बाप्यांना डावलून तुम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीचा कान मानत होता, याचं तेव्हा मला काहीच विशेष वाटलं नाही. स्वयंपाकघरातच प्लग असल्यामुळे सगळा संसार तिथं मांडला. मी चुलीशेजारच्या भिंतीला नाक लावून पाटावर बसले. मागं आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही एक पिकप काढून दुसरा बसवताय, सोल्डरच्या धुराचा वास सगळ्या भाकऱ्यांना लागतोय आणि आई म्हणतेय, "आज जेवायला कथील हाय, कालवण न्हाय." तुम्ही दोन्हींवर तीच सुरावट वाजवलीत, तितक्याच जोरानं. मग म्हणालात, "आता तू गा. मी हळू वाजवतो. तुझा गळा कुठल्याबरोबर बसतोय ते सांग."

मला आजही दोन्ही आवाज ऐकू येतात. पहिला स्वच्छ होता, लख्ख, प्रत्येक सूर वेगळा मोजून घ्यावा असा. पण मी गायला लागले की तो माझ्या बरोबरीनं पुढं यायचा, माझ्या वरच्या सुरांवर चढून बसायचा. दुसरा जरा घोगरा, जाड, सूर सुटल्यावर मागं किंचित रेंगाळणारा. मी गायले तर तो खाली गेला आणि माझा आवाज वर राहिला. मी मोठी झाल्यासारखं वाटलं मला. मी हात वर केला, "दुसरा. दुसराच, आप्पा." तुम्ही पुन्हा अदलाबदल केलीत, क्रम न सांगता. मी पुन्हा तोच निवडला. तेव्हा तुम्ही असे ओरडलात की शेजारची आक्का पीठ भरल्या हातानं बघायला आली. "हिचा कान बघ गं! माझ्या हातचा वळीकला!" मी तुमचा म्हणून निवडला नव्हता. माझा गळा चांगला लागतोय म्हणून निवडला होता. कॅम्पातला पिकप तुम्ही दुसऱ्या दिवशी परत देऊन आलात, आणि काय बोलून आलात देव जाणे, ते वादक महिनाभर तुमच्याशी बोलत नव्हते.

एक गोष्ट आपल्या दोघांच्या ध्यानात आली नाही. आपण वाजतानाचा आवाज ऐकला, गप्प असतानाचा नाही. भाड्याचं घर, भिंतीला भिंत, म्हणून अॅम्प्लिफायर बारीक ठेवलेला. दोन गुंडाळ्यांचा तो परदेशी पिकप बाहेरची घरघर आत येऊ देत नव्हता, आणि तुमच्या पिकपमध्ये तशी काहीच सोय नव्हती. निपाणीच्या मंडपात तुम्ही आवाज पूर्ण सोडलात. त्या साली निपाणीतलं वातावरण काय सांगायचं. पाटी कुठल्या भाषेत आहे यावरून दुकानासमोर गर्दी जमायची. मराठी ऑर्केस्ट्रा म्हणून तंबाखूच्या वखारीतल्या बाया लवकर काम उरकून येऊन बसल्या होत्या. दिवेलागणीची वेळ. माझं तिसरं गाणं. मधल्या जागेत सगळी वाद्यं थांबतात, मी श्वास घेते, आणि तुमच्या अॅम्प्लिफायरमधून एक गृहस्थ म्हणतात, "रैत बांधवरे, नमस्कार." रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तुमच्या पिकपनं उचलला होता. पुढं उसाच्या खताचं काहीतरी.

इथवर मी स्टेजवर सांगते आणि मग सांगते की सगळा मंडप गडगडून हसला. आप्पा, तसं झालं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे आणि काकांना माहीत आहे. तो आवाज पुटपुटल्यासारखा आला होता. पुढच्या दोन रांगांतल्या कुणी ऐकला असेल तर असेल. तुम्ही लगेच वाकलात, तुमचा हात बटणापर्यंत पोचलासुद्धा होता, काकांनी ढोलकीवर एक तुकडा टाकून जागा भरायला घेतली होती. आणखी एक क्षण गेला असता तर गाणं पुढं गेलं असतं. पण माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "मंडळी, माफ करा. आमच्या गिटारवाल्यांनी पिकप घरीच गुंडाळलाय. गुंडाळता गुंडाळता तो कन्नड शिकला." मग मंडप हसला. कुणीतरी मागून ओरडलं, "त्याला बाहीर काढा रं, सरकारचा माणूस हाय त्यो!" शिट्ट्या, टाळ्या. तुम्ही वाकलेलेच होता, तसंच वाकून वर माझ्याकडे बघितलंत. आमचे गिटारवाले. मी आमचे आप्पा म्हणाले नाही. मंडपात कुणालाही माहीत नव्हतं की हा माझा बाप आहे, आणि मी ते कळू दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून तो पिकप मीच निवडला, हे तर माझ्या जिभेवर आलंच नाही. आणि लाजिरवाणं सांगायचं तर मला फार मजा आली. गाण्याला मिळत नव्हती तेवढी टाळी त्या एका वाक्याला मिळाली.

परतताना टेम्पोत तुम्ही गिटार कापडात गुंडाळून मांडीवर घेतलीत. मग म्हणालात, "लोक खूश झाले. फुडच्या कार्यक्रमात बी म्हण ते." मी तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही, मला जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं. आणि मी म्हणत राहिले. संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज, जिथं जाऊ तिथं. अख्खं ऐंशीचं दशक मी ते वाक्य म्हटलं आणि तुम्ही दर वेळी मान खाली घालून, हात जोडून, चुकलेल्या माणसाचं सोंग घेऊन उभे राहिलात. सोंग होतं ना ते? ऑर्केस्ट्राचं ठीक, पण गोष्ट दुकानापर्यंत गेली. मोटर आणून टाकणारा शेतकरी दात काढून विचारायचा, "आप्पा, विहिरीत कन्नड बोलंल न्हवं ही?" पहिल्यांदा तुम्ही त्याला जोरदार उत्तर दिलंत. नंतर नुसतं हसायला लागलात. मग मोटरी त्या गॅरेजजवळच्या दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. आई एकदा मला भांडी घासता घासता म्हणाली, "तुझा आप्पा आता बढाई मारत न्हाय गं. बरं वाटत न्हाय मला." मी म्हणाले, वय झालं. पन्नाशीसुद्धा नव्हती तुमची, आप्पा. काय तोंडानं म्हणाले असेन मी!

खरी मौज तर पुढंच आहे. तुम्ही निपाणीहून आल्यावर आठवड्याच्या आत तो पिकप दुरुस्त केलात. तांब्याचा पातळ पत्रा त्याच्याभोवती लपेटलात, त्याला वेगळी तार जोडलीत, आणि मला पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसवलंत. "आता मी काहीच वाजवणार न्हाय. नुसतं ऐक." अॅम्प्लिफायर पूर्ण सोडलेला, आणि घरात चिटपाखरू नाही. एक शब्द आला नाही. मग तुम्ही एक सूर सोडलात, आणि तो तसाच होता, घोगरा, रेंगाळणारा, माझ्या गळ्याखाली जाऊन बसणारा. त्यानंतर तुमची गिटार आयुष्यात कधी कन्नड बोलली नाही. सबंध दहा वर्षं मी लोकांना हसवत होते तेव्हा माझ्यामागं तो निर्दोष पिकप वाजत होता, मला वर धरून. हे मी कधीच सांगत नाही, कारण हे सांगितलं की कुणाला हसू येत नाही.

तुमच्या दहाव्याला घाटावर माणसं बसली होती. कुणीतरी विषय काढला, "ते गिटारवाले न्हवं, कन्नडवाले?" आणि सगळे हसले, मायेनंच हसले. मीही हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की गावात तुमचं एवढंच शिल्लक राहिलं आहे आणि ते मी शिल्लक ठेवलं आहे. तुमच्या हातच्या किती मोटरींनी या मुलखातल्या उसाला पाणी दिलं असेल. कुणाला विचारा, सांगतील का?

कालपासून ठरवत होते की यापुढं सांगायचं तर पूर्ण सांगायचं. काकांच्या घरी जाऊन त्यांना तसा शब्दही द्यायचा होता. हा कागद कुठं धाडणार, तुमचा पत्ता मला कोण देणार, म्हणून निदान त्यांना तरी. तेवढ्यात आज सकाळी निपाणीहून फोन आला. गणपतीत त्यांनी मला पाहुणी म्हणून बोलावलंय. पोरगा फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, "बाई, ती गिटारची गोष्ट तेवढी नक्की सांगा. आमच्या आजोबांनी तुमच्या तोंडून ऐकलीय." मी हो म्हणाले, आप्पा. आणि फोन ठेवल्यावर, घरात कुणी नाही बघून, एकदा म्हणूनही बघितली. कुठं थांबलं की जास्त हसतील, ते नीट बसतंय का म्हणून.